पडद्यावरचं इंजिन आणि आजोबांचा रिमोट

प्रश्न : काका, रविवारी आम्ही घरी जुने युद्धपट लावतो आणि आजोबा मध्येच रिमोट घेऊन सिनेमा थांबवतात. परवा एका सिनेमात १९४३ साली पलटण ब्रह्मदेशाच्या आघाडीवर निघाली होती. गाडीला गोल नाकाचं इंजिन. ‘हे तेव्हा जन्मालाच आलं नव्हतं,’ म्हणाले. ‘बॅटल ऑफ द बल्ज’मधले जर्मन रणगाडेही खोटे म्हणतात. ‘ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’मधला क्वाय नदीवरचा पूल मात्र सिनेमात दिसतो तसाच उडाला, यावर ठाम. खरं किती?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : इंजिनात आजोबांना शंभरापैकी शंभर. गोल नाक, त्यावर रंगवलेली चांदणी, म्हणजे डब्ल्यूपी जातीचं वाफेचं इंजिन. पहिली सोळा १९४७ साली अमेरिकेतल्या बाल्डविन कारखान्यातून आली. म्हणजे दिग्दर्शक चार वर्षं पुढं गेला.

पण आजोबांनी आणखी एक चूक सोडली. डब्ल्यूपी ब्रॉडगेजचं, म्हणजे रुंद रुळांचं. ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी इंफाळ-कोहिमाकडे जाणारी फौज दिमापूरला उतरायची आणि तिकडची लाइन अरुंद रुळांची, मीटरगेज, आपली कोल्हापूर-मिरज पूर्वी होती तशीच. रुळांची रुंदी पडद्यावर कळत नाही, म्हणून इंजिनाचं तोंड बघायचं. ब्रॉडगेजच्या जुन्या इंजिनाला दोन्ही अंगांना दोन बफर, म्हणजे धक्का झेलणारे दट्टे, मीटरगेजला मधोमध एकच आणि डबे जोडायचं कपलिंग तिथंच. मिरजेच्या शेडात त्या एका बफरापाशी माझी निम्मी नोकरी गेली. अजूनही सिनेमात स्टेशन आलं की हिरॉइन गाडीतून उतरते आणि मी बफर मोजतो. बायको म्हणते, तिकिटाचे पैसे फुकट. आम्ही पुसायचो ती मीटरगेजची वायपी-वायजी इंजिनंसुद्धा युद्धानंतरचीच, तेव्हा तीही १९४३ मध्ये चालणार नाहीत. त्या काळचं खरं मीटरगेज इंजिन हवं तर अमेरिकेनं युद्धासाठी बांधून पाठवलेलं मॅकआर्थर.

रणगाड्यांचंही बरोबर. सिनेमा १९६५ चा, चित्रीकरण स्पेनमध्ये. जर्मनांचे टायगर रणगाडे म्हणून पळवलेत ते स्पॅनिश फौजेचे अमेरिकन एम-४७ पॅटन. खरी ओळख चाकांत. टायगरची चाकं एकमेकांवर चढलेली, पत्त्यांच्या पंख्यासारखी. पॅटनची सहा चाकं सुटी सुटी आणि वर पट्टा पेलणारे छोटे रोलर. गंमत म्हणजे त्याच १९६५ च्या सप्टेंबरात खेमकरणजवळ आपले अब्दुल हमीद पॅटनच फोडत होते. डिसेंबरात तेच पॅटन पडद्यावर जर्मन झाले!

पुलाचं मात्र आजोबांचं चुकलं. सिनेमातला लाकडी पूल श्रीलंकेत कितुलगलाला बांधला आणि तिथंच उडवला. थायलंडमधल्या कांचनबुरीचा खरा पूल लोखंडी, त्याचे गाळे जपान्यांनी जावाहून उचलून आणलेले. १९४५ मध्ये दोस्तांच्या विमानांनी त्याचे काही गाळे पाडले, पण पूल आजही उभा आहे आणि वरून गाडी जाते. फोटो मिळाला तर नीट बघ. जुने गाळे वर कमानदार आहेत, मधले दोन कोनाकोनाचे. ते दोन युद्धानंतर बसवलेले.

हे आजोबांना जेवणानंतर सांग, आणि रिमोट आधी आपल्याकडे घेऊन.