वाचकांचे प्रश्न : नेपच्यून सरकला, प्लुटो अडकला

प्रश्न : 1979 ते 1999 या काळात प्लुटो नेपच्यूनपेक्षा सूर्याच्या जवळ होता म्हणे. मग दोघांची टक्कर कशी होत नाही? आणि नेपच्यून पूर्वी सूर्याच्या जवळ होता, हे कशावरून ठरवतात?
– एक वाचक, कराड

उत्तर : टक्कर सोडाच, प्लुटो नेपच्यूनपेक्षा युरेनसच्या अधिक जवळ जातो. नेपच्यूनची फेरी 165 वर्षांची, प्लुटोची 248 वर्षांची. म्हणजे नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात तेवढ्यात प्लुटोच्या दोन. याला 3:2 चा कक्षीय अनुनाद म्हणतात. प्लुटो सूर्यापाशी येतो तेव्हा नेपच्यून साधारण काटकोनात बाजूला असतो, त्यामुळे दोघांमधले अंतर सुमारे 17 खगोलीय एककांखाली (पृथ्वी-सूर्य अंतर म्हणजे एक एकक) जात नाही. युरेनसपासून मात्र ते 11 च्या आसपास येते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर याच अनुनादात आहे. नेपच्यूनपलीकडे एकेकाळी बर्फाळ पिंडांची दाट चकती होती. नेपच्यून त्यांतले काही आत फेकी, काही बाहेर. बाहेर फेकलेले बहुतेक परत येत. आत गेलेले मात्र युरेनस, शनी करत गुरूपर्यंत पोहोचत, आणि गुरू त्यांना सूर्यमालेबाहेरच भिरकावून देई. पिंड आत ढकलताना नेपच्यूनला कोनीय संवेग (कक्षेत फिरण्याचा जोर) मिळतो, आणि तो हिशेब पुरता फिटत नसल्याने नेपच्यून हळूहळू बाहेर सरकला. गुरू किंचित आत आला. ही यंत्रणा खगोलशास्त्रज्ञ फर्नांडेझ आणि इप यांनी 1984 मध्ये मांडली.

खगोलशास्त्रज्ञ रेणू मल्होत्रा यांनी 1993 मध्ये तिला प्लुटो जोडला. सरकणाऱ्या नेपच्यूनबरोबर त्याचा 3:2 अनुनादही बाहेर सरकतो. वाटेत जवळजवळ वर्तुळाकार फिरणारा प्लुटो सापडला की तो त्यात अडकतो, पुढे ढकलला जातो आणि त्याची कक्षा लांबट होत जाते. किती लांबट, यावरून नेपच्यून किती सरकला ते निघते. प्लुटोची उत्केंद्रता (कक्षेच्या लांबटपणाचे माप) 0.25 आहे. तिचा वर्ग 0.0625, त्याची तिप्पट 0.1875. ई (2.718) चा 0.1875 वा घात सुमारे 1.21 येतो. नेपच्यूनच्या आजच्या 30.1 एककांना याने भागा : 25. म्हणजे प्लुटो अडकला तेव्हा नेपच्यून 25 एककांवर होता. निदान पाच एकके तरी तो सरकलाच. प्लुटोचे आजचे 39.5 तसेच भागले तर तो 33 च्या आसपास सापडला असे दिसते. कॅल्क्युलेटर घेऊन करून पाहा.

यात एक अट आहे. नेपच्यून फार वेगाने सरकला तर अनुनाद पिंडांना न पकडताच पुढे निघून जातो. चकतीत मोठे पिंड फार असतील तर त्यांच्या धक्क्यांनी नेपच्यून अडखळत सरकतो आणि पकडलेलेही निसटतात. आज या 3:2 पट्टीत शेकडो पिंड सापडले आहेत. त्यांना प्लुटिनो म्हणतात. त्यामुळे सरकणे बेताचे असावे, एवढे बंधन गणित करणाऱ्यांवर येते.

प्रश्न : दुसऱ्या ताऱ्यांना अगदी चिकटून फिरणारे गुरूसारखे मोठे ग्रह, म्हणजे ‘तप्त गुरू’, असेच सरकून तिथे गेले का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : बहुधा नाही. 1995 मध्ये सापडलेला 51 पेगासी बी हा तप्त गुरू आपल्या ताऱ्यापासून 0.05 एककांवर 4.2 दिवसांत फेरी मारतो. एवढ्या जड ग्रहाला इतके आत ओढायला फुटकळ पिंड पुरत नाहीत. त्याला एकतर तरुण ताऱ्याभोवतीची वायूची चकती लागते, नाहीतर दुसऱ्या ग्रहाने कक्षा लांबट करून देणे आणि मग ताऱ्याच्या भरती-ओहोटीने ती आवळणे. वास्प-17 बी हा तप्त गुरू आपल्या ताऱ्याच्या परिवलनाच्या उलट दिशेने फिरतो. त्याच्या बाबतीत दुसरा मार्ग अधिक पटतो.