रॅपर डीएमएक्सचे आयुष्य आणि कारकीर्द कशी होती?

अर्ल सिमन्स ऊर्फ डीएमएक्स याचा जन्म १९७० मध्ये न्यूयॉर्क राज्यात झाला. योंकर्स शहरात घरची मारहाण आणि सुधारगृहे अनुभवत तो वाढला. रस्त्यावर रात्री काढताना भटकी कुत्री हीच त्याची सोबत होती, आणि त्याच्या गाण्यांतल्या भुंकण्या-गुरगुरण्यात त्या सोबतीचा माग लागतो. १९९८ या एकाच वर्षी आलेले त्याचे दोन्ही अल्बम ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी संगीत-नियतकालिकाच्या अल्बमांच्या क्रमवारीत थेट पहिल्या क्रमांकावर दाखल झाले, ही खरोखर असामान्य कामगिरी होती. किशोरवयातच जडलेले क्रॅक कोकेनचे व्यसन मात्र सुटले नाही, तुरुंगवाऱ्याही थांबल्या नाहीत. अल्बमांतून तो देवाची जी आर्त प्रार्थना करी, ती मला त्याची सर्वांत प्रामाणिक निर्मिती वाटते. कोकेनमुळे आलेल्या हृदयविकाराच्या झटक्यानंतर ९ एप्रिल २०२१ रोजी, वयाच्या ५०व्या वर्षी, त्याचे निधन झाले.