वाचक विचारतात: एआय माणसापेक्षा हुशार झालंय का?

प्रश्न : चॅटबॉट मिनिटभरात निबंध लिहितो, अवघड पेपर सोडवतो, त्याच्या आत न्यूरल नेटवर्क म्हणजे मेंदूच असतो असंही ऐकलं. माझा मुलगा म्हणतो, मग आता आपण शिकायचं तरी कशाला? काय सांगू त्याला?

उत्तर : आधी मेंदूचं बघू. न्यूरल नेटवर्क हे नाव मेंदूवरून घेतलंय एवढंच, आतला कृत्रिम न्यूरॉन म्हणजे आकड्यांचे गुणाकार करून त्यांची बेरीज पुढे पाठवणारं गणित आहे. आपल्या डोक्यात सुमारे ८६ अब्ज जिवंत न्यूरॉन आहेत आणि सगळं मिळून जेमतेम २० वॉटवर चालतं, मला तर हे कुठल्याही चॅटबॉटपेक्षा जास्त थक्क करणारं वाटतं.

खरा फरक शिकण्यात आहे. २०२० च्या जीपीटी-३ या एआयच्या भाषा-मॉडेलला जवळपास ३०० अब्ज टोकन, म्हणजे शब्द आणि शब्दांचे तुकडे, वाचायला दिले होते, आणि दहा वर्षांचं मूल तोवर फार तर काही कोटी शब्द ऐकतं, तरी छान बोलतं. कारण ते नुसतं ऐकत नाही ना, लहानपणी टेबलावरचा चमचा दहादा खाली पाडतं, आवाज ऐकतं, आईचं तोंड बघतं आणि परत पाडतं. शिवाय आपला मेंदू रोज बदलत राहतो, मॉडेलचं मात्र ट्रेनिंग संपलं की आतले आकडे गोठतात, तुम्ही चॅटमध्ये काही समजावून सांगितलंत तरी त्याने ते बदलत नाहीत.

म्हणून एआय कमी आहे असं अजिबात नाही हं, अल्फाफोल्ड या एआय प्रोग्रॅमने २० कोटींहून जास्त प्रथिनांच्या रचनांचे अंदाज दिलेत, ते माणसांना हाताने कधीच जमलं नसतं. पण एका कामातली हुशारी दुसऱ्या कामात आपोआप येत नाही. १९९७ मध्ये डीप ब्लू या बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणकाने जगज्जेत्या कास्पारोवला हरवलं तेव्हा संगणकाच्या चालीचा मोहरा पटावर उचलून ठेवायला समोर माणूसच बसलेला होता!

मुलाला सांगा, चॅटबॉट चुकीचं उत्तरही बरोबर उत्तराइतक्याच ठामपणे देतो, आणि ती चूक पकडायची तर विषय स्वतःला यायला लागतो. एखादं गणित आधी त्याला वहीत सोडवू दे, मग चॅटबॉटकडून सोडवून घेऊ दे आणि प्रत्येक पायरी का बरोबर किंवा का चूक ते त्याने तुम्हाला समजावून सांगायचं.