हौशी पंचाने थकल्यावर पंचगिरी सोडावी का?

आपण विचारले आहे की, सहा वर्षे दर शनिवार-रविवारी हौशी क्रिकेट सामन्यांत पंचगिरी केल्यानंतर आता शुक्रवारी संध्याकाळीच पोटात गोळा येतो, सामना आटोपून घरी आल्यावर कुणाशी बोलावेसेही वाटत नाही, तर हे काम सोडून द्यावे का. मी अकरा वर्षे पंच म्हणून उभा राहत आलो आहे आणि आठव्या वर्षी याच अवस्थेतून गेलो आहे, म्हणून लिहितो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये स्वीकारलेल्या वर्गीकरणात 'बर्नआउट' हा आजार मानलेला नाही. नोकरी-व्यवसायातील दीर्घकाळच्या ताणाचा परिणाम म्हणून त्याची नोंद आहे आणि त्याची तीन लक्षणे दिली आहेत : शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काम नीट होत नाही असे वाटणे. आपले काम छंदाचे, मानधन नावापुरते, त्यामुळे ही व्याख्या आपल्याला काटेकोरपणे लागू होणार नाही. तरीही ती तिन्ही लक्षणे माझ्यात होती आणि त्यांतले मधले सर्वांत वाईट होते. नवा गोलंदाज चेंडू घेऊन धावू लागला की 'हा आता माझ्यावर ओरडणार' एवढेच माझ्या मनात येई.

एका दुपारी पायचीतचे जोरदार अपील झाले आणि माझी मान आपोआप नकारार्थी हलली. चेंडूचा टप्पा लेग यष्टीच्या बाहेर होता की रेषेत, हे मी पाहिलेच नव्हते, कारण मी पाहत होतो तो स्लिपमध्ये उभ्या असलेल्या, आधीच्या दोन निर्णयांवर कुरकुर केलेल्या खेळाडूचा चेहरा. त्याच षटकात हातातल्या काउंटरवर चारचा आकडा दिसत असताना शेवटचा चेंडू मोजला की नाही, हे मला आठवेना. त्या रात्री मी ठरवले की आता थांबायचे.

थकव्याचा एक भाग निव्वळ श्रमाचा असतो आणि तो मान्य करण्यात कमीपणा नाही. चाळीस षटकांच्या सामन्यात दोन्ही डाव पूर्ण खेळले गेले तर किमान 480 चेंडू होतात. दोन पंच असले तरी त्यांतल्या निम्म्या चेंडूंना आपण गोलंदाजाच्या टोकाला असतो आणि प्रत्येक वेळी त्याचा पुढचा पाय पॉपिंग क्रीजच्या (यष्टींपुढे आखलेल्या रेघेच्या) आत पडला का हे पाहून, क्षणार्धात नजर वर उचलून टप्पा, रेष आणि बॅटची कड टिपायची असते. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये पुढच्या पायाच्या नो-बॉलचे काम 2020 पासून तिसऱ्या पंचाकडे जाऊ लागले. आपल्याकडे मात्र अनेकदा दुसरा पंचही नसतो आणि स्क्वेअर लेगला, म्हणजे फलंदाजाच्या बाजूला दुसऱ्या पंचाने उभे राहायच्या जागी, फलंदाजी करणाऱ्या संघातलाच कुणीतरी पॅड काढून उभा राहतो. (सीमारेषेबाहेर खुर्ची टाकून बसलेल्या प्रत्येकाला पायचीत आपल्यापेक्षा स्पष्ट कसे दिसते, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.) हा शीण मात्र झोपेने जातो.

झोपेने जात नाही तो दुसरा शीण, आणि त्याचे कारण शोधायला मला बराच वेळ लागला. मी समजत होतो की खेळाडूंच्या आरडाओरड्याने मी थकलो. प्रत्यक्षात, तो मी मुकाट्याने गिळत होतो म्हणून थकलो होतो. 'हौशी सामना आहे, सोडून द्या' असे म्हणत मी प्रत्येक टोमणा पोटात घालत गेलो आणि त्याला संयम समजलो. वास्तविक 1 ऑक्टोबर 2017 पासून लागू झालेल्या नियमांत खेळाडूंच्या वर्तनावर 42 वा नियम आहे. शब्दांनी किंवा हावभावांनी निर्णयावर नाराजी दाखवणे आणि अपील करताना आक्रमकपणे पंचाच्या अंगावर धावून येणे हे त्यात पहिल्या पातळीचे गुन्हे आहेत. पहिल्या वेळी कर्णधाराला बोलावून द्यायची ताकीद संपूर्ण संघाला सामनाभर लागू राहते आणि पुन्हा तसे घडल्यास प्रतिस्पर्ध्यांना पाच धावा मिळतात. पंचाला धमकावणे याहून बरेच गंभीर मानले आहे. हे सारे मला परीक्षेपुरते पाठ होते, पण मी ते मैदानावर कधी वापरलेच नव्हते.

मी सामने नेमणाऱ्या चिटणिसांना सहा आठवड्यांनंतरची तारीख देऊन सुट्टी मागितली. तारीख मुद्दाम दिली, कारण 'काही दिवस नको' म्हटले की तिसऱ्याच दिवशी फोन येतो. परतल्यावर आठवड्याला एकच सामना घेतला आणि पहिले काही सामने लहान मुलांचे घेतले, जिथे अपील होते ते उत्साहाने. सामना संपल्यावर मैदानातच दहा मिनिटे बसून, शंका राहिलेल्या निर्णयांपुरते मी वहीत लिहितो : मला काय दिसले आणि मी कुठे उभा होतो. एवढे लिहून वही मिटली की घरी त्या सामन्याचा विषय काढत नाही. एका ज्येष्ठ पंचांना सोमवारी फोन करतो; ते सल्ला फारसा देत नाहीत, स्वतःच्या चुका सांगतात, आणि मला तेच हवे असते.

मोठ्यांच्या सामन्यात परतल्यावर पहिल्याच दिवशी एका यष्टिरक्षकाने निर्णयानंतर हातमोजे जमिनीवर आपटले. मी खेळ थांबवून कर्णधाराला बोलावले आणि आवाज न चढवता ताकीद दिली. माझे हात थरथरत होते, ते पाठीमागे बांधून ठेवले. पुढे दोन तास कुणी ब्र काढला नाही, आणि त्या रात्री मी जेवणाच्या ताटावर घरच्यांशी गप्पा मारल्या.

आपली झोप आणि भूक सामना नसलेल्या दिवशीही उडाली असेल, तर सुट्टीवर न विसंबता डॉक्टरांना भेटावे. तसे नसेल, तर मी आज सोडण्याचा निर्णय घेणार नाही; आधी तारीख ठरवून थांबेन. थांबूनही मैदानाची आठवण आली नाही, तर खुशाल सोडावे. खेळाशी नाते ठेवायचेच असेल, तर गुणलेखकाची जागा बहुतेक ठिकाणी रिकामीच असते. आणि परतलातच, तर नेमणूक स्वीकारण्यापूर्वी दुसरा पंच कोण आहे ते विचारावे, आणि स्क्वेअर लेगला खेळाडू उभा राहणार असेल तर पहिले दोन-तीन महिने तो सामना नाकारावा.