मनीला खरंच किडनीचा त्रास आहे का, आणि असला तर काय करायचं?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, आमची मांजर मनी साधारण बारा वर्षांची आहे, मुलगी बालवाडीत असताना सोसायटीच्या जिन्यात सापडलेली. गेले दोनेक महिने ती पाणी फार प्यायला लागलीय, स्वतःची वाटी संपवून बाथरूमच्या बादलीवर चढून पिते, लिटरच्या वाळूतले शूचे गोळेही मोठे मोठे निघतात. वजन ४.६ किलो होतं ते ३.८ वर आलंय. मागच्या आठवड्यात दोन दिवस उलट्या झाल्या, जेवली नाही, म्हणून इथल्या डॉक्टरांकडे नेलं, रक्तात क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा कचरा) २.४ आलं. किडनी असू शकते म्हणाले, सलाईन लावलं आणि किडनीचं खाणं सुरू करायला सांगितलं. ते खाणं ती हुंगते आणि निघून जाते. दवाखान्यात न्यायचं म्हटलं की पलंगाखाली घुसते, ओरबाडते, मग दिवसभर कोणाजवळ येत नाही. सासूबाई म्हणतात मुक्या जिवाला टोचाटोची नको, घरात शांतपणे राहू दे. मिस्टर म्हणतात मुंबईला मोठ्या हॉस्पिटलमध्ये ॲडमिट करू. मी सकाळी आठ ते संध्याकाळी सात बाहेर असते. नक्की काय ठरवावं?
— एक वाचक, बदलापूर

उत्तर : ताई, तुमच्या घरात तीन मतं आहेत, पण ती सगळी अशा आजाराबद्दल आहेत जो आहे हेच अजून पक्कं झालेलं नाही. त्यामुळे आत्ता लगेच ॲडमिटही नको आणि सोडूनही देऊ नका, आधी निदान पक्कं करा. अर्थात मधेच उलट्या परत सुरू झाल्या किंवा खाणं बंद झालं तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी दाखवायचं.

आता तो २.४ चा आकडा. दोन दिवस उलट्या, पोटात काही नाही, म्हणजे अंगातलं पाणी कमी झालेलं, आणि अशा वेळी किडनी धड असली तरी क्रिएटिनिन वर जातं. त्यामुळे ती नीट खातपीत असताना तेच रक्त परत तपासायचं आणि सोबत लघवी तपासायचीच. लघवीची तपासणी बरेच जण सोडून देतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण स्वस्तात सगळ्यात जास्त माहिती तीच देते. मांजराची किडनी चांगली असेल तर लघवी घट्ट असते, तिचं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे घट्टपणाचा आकडा, १.०३५ च्या वर जातं, अंगात पाणी कमी असूनही लघवी पातळच येत असेल तर मग किडनीवरचा संशय बळावतो. मात्र हा नमुना सलाईन द्यायच्या आधी घ्यायचा, नंतर घेतला तर सलाईनमुळेच पातळ येतो.

किडनीच्या आजाराच्या आयरिस नावाच्या चार पायऱ्या डॉक्टर लोक वापरतात. क्रिएटिनिन १.६ ते २.८ असेल तर दुसरी, २.९ ते ५ तिसरी, त्याच्या वर चौथी. म्हणजे २.४ खरं निघालं तरी मनी दुसऱ्या पायरीवर आहे, आणि दुसऱ्या पायरीवरची मांजरं नीट काळजी घेतली तर पुढे दोन-तीन वर्षं आणि काही त्याहूनही जास्त छान जगतात. पण हेही सांगते की किडनीच्या आजाराने क्रिएटिनिन वाढतं तोवर किडनीचं जवळपास पाऊण काम गेलेलं असतं आणि गेलेलं परत येत नाही. उरलेलं जपायचं, एवढंच आपल्या हातात आहे.

जास्त पाणी, जास्त शू, उतरलेलं वजन, हे सगळं डायबिटीसमध्येही होतं आणि थायरॉइड वाढल्यावरही होतं. म्हणून त्याच रक्तातून शुगर आणि टी-४ (थायरॉइडची तपासणी) करून घ्या, एकदाच टोचायचं तर सगळं एकदम होऊ दे. थायरॉइड वाढलेला असला की किडनीचा आजार त्याच्या मागे झाकला जातो, त्यामुळे तो बघायलाच हवा. फॉस्फरस आणि पोटॅशियमही. बीपी मोजायला सांगा, किडनीच्या मांजरांचं बीपी वाढतं, ते सतत १६० च्या वर राहिलं तर डोळ्याचा पडदा सुटून मांजर अचानक आंधळं होऊ शकतं, आणि ते रोजच्या एका छोट्या गोळीने बहुतेक वेळा टाळता येतं. तोंडही उघडून बघायला सांगा, या वयात दात-हिरड्या बऱ्याचदा खराब असतात आणि दुखतं म्हणून खाणं सुटतं, आपण बसतो किडनीला दोष देत.

हे सगळं तुमच्याच डॉक्टरांकडे होत असेल तर कुठे लांब जायची गरज नाही. नसेल होत, तर परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हे प्राण्यांचं जुनं हॉस्पिटल आहे, तिथे दाखवून या. फक्त ॲडमिट करायची घाई नको. मांजर अनोळखी पिंजऱ्यात, शेजारी कुत्री भुंकताहेत, अशा ठिकाणी खाणंच सोडतं, त्यामुळे सतत उलट्या, अजिबात न खाणं, फार गळून जाणं असं असेल तरच ॲडमिट.

दवाखान्याच्या भीतीवर करण्यासारखं बरंच आहे. तिची बास्केट माळ्यावर न ठेवता आत्तापासून हॉलमध्ये उघडी ठेवा, आत तिच्या झोपायचा टॉवेल टाका, रोज दोन घास तिथेच द्या, म्हणजे बास्केट दिसली की पलंग गाठायचा ही सवय हळूहळू कमी होते. निघायच्या काही तास आधी द्यायचं शांत करणारं औषधही असतं, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या, डोस स्वतः ठरवू नका कारण ते किडनीतूनच बाहेर पडतं.

खाण्याचं. किडनीच्या खाण्यात फॉस्फरस कमी असतो आणि आजार पक्का झाला तर त्याचा खरोखर फायदा होतो. पण मळमळत असताना ते पुढे केलं की तिच्या डोक्यात पक्कं बसतं, या वासाने मला कसंतरी होतं, आणि मग ती त्याला कायमची तोंड लावत नाही. म्हणून आत्ता ते बंद ठेवा. आधी उलटी थांबवायचं औषध, मग नेहमीचं खाणं पोटभर, मग त्यात चिमूटभर नवीन, असं तीन-चार आठवडे घेऊन बदला. भूक लागली की खाईल झक मारत, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, दोन-तीन दिवस काहीच न खाल्लेल्या मांजराच्या लिव्हरवर चरबी चढते आणि त्यात जीव जातो. ड्राय फूडपेक्षा पाऊच बरे, पाणी पोटात जातं. सुकट, बोंबील बंद, मीठ फार. पाणी मात्र कधीही कमी करायचं नाही, शू जास्त होते म्हणून वाटी उचलून ठेवणारे लोक मी बघितलेत, असं चुकूनही करू नका, उलट घरात तीन-चार ठिकाणी वाट्या ठेवा आणि बादलीतून पीत असेल तर पिऊ दे. आणि माणसाचं कुठलंही दुखण्याचं औषध नको, पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराला मारते.

तुमच्या नोकरीचं म्हणाल तर दुसऱ्या पायरीवर बहुतेक मांजरांना सकाळ-संध्याकाळचं खाणं, एखादी गोळी, आणि स्थिर असेल तर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी, एवढंच लागतं. सलाईन पुढे कधी लागलंच तर ते घरी कातडीखाली देता येतं. बाटली कोमट पाण्यात ठेवून मनगटावर बघायची, तिला मांडीवर टॉवेलमध्ये घ्यायचं, खांद्यामागची कातडी तंबूसारखी उचलून सुई आत सरकवायची, मग तिथे एक मऊ फुगवटा येतो, कधी पुढच्या पायाकडे घसरतो, आणि काही तासांत जिरतो. किती द्यायचं ते डॉक्टर सांगतील, हृदयाचा त्रास असेल तर जास्त सलाईन घातक. पहिल्यांदा हात थरथरतो, मग घरातलं कोणीही करतं, मुलगीसुद्धा करेल.

सासूबाईंचं म्हणणं मला अजिबात चुकीचं वाटत नाही, फक्त त्याची वेळ आत्ता नाहीये. पुढे कधीतरी येईल, तेव्हा त्यांचंच ऐकायचं आहे. ती वेळ ओळखायला तिच्याच सवयी बघा, अंग चाटते का, तुम्ही आल्यावर दाराशी येते का, मासे साफ करताना ओट्यापाशी घुटमळते का. आजार हळूहळू वाढणारा असल्याने त्रास प्रामुख्याने मळमळीचा आणि अशक्तपणाचा असतो आणि त्यावर औषधं आहेत. दर आठवड्याला तिला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभ्या राहा, मग तुमचं वजन वजा करा आणि कॅलेंडरवर लिहा. आणि जे रोज तुम्हाला झेपेल आणि तिला सहन होईल तेवढंच ठरवा. दहा औषधं लिहून घेऊन रोज तिच्यामागे धावण्यापेक्षा दोन नीट पोटात गेलेली केव्हाही चांगली, आणि खर्च किती जमेल हेही डॉक्टरांना तोंडावर सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

प्रश्न : आमच्या नऊ वर्षांच्या बोक्याला शुगर ३१० निघाली. इन्सुलिन सुरू करा म्हणतात. घरात आईचं इन्सुलिन आहेच, तेच चालेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : दादा, आईचं इन्सुलिन आणि सिरिंज दोन्हीला हात लावू नका. आधी हे पक्कं करा की खरंच डायबिटीस आहे, कारण घाबरलेल्या मांजराची शुगर नुसत्या भीतीने ३०० पर्यंत जाते. लघवीत साखर आहे का बघा आणि फ्रुक्टोसामाइन नावाची रक्ताची टेस्ट करा, त्यात मागच्या दोनेक आठवड्यांची सरासरी कळते. निघाला डायबिटीस तर घाबरू नका, लवकर इन्सुलिन आणि कमी कार्बचं खाणं सुरू केलं तर काही मांजरांचं इन्सुलिन पुढे सुटतंसुद्धा. इन्सुलिन बहुतेक दर बारा तासांनी द्यावं लागतं, कुठलं आणि किती ते डॉक्टर ठरवतील. आपल्याकडे दर मिलीला ४० आणि १०० युनिट अशा दोन्ही बाटल्या मिळतात आणि सिरिंजही वेगळ्या, ४० ची लाल टोपीची, १०० ची केशरी, अदलाबदल झाली तर डोस अडीच पट चुकतो. बोका जेवला नसेल तर इंजेक्शन द्यायच्या आधी डॉक्टरांना फोन करा. इंजेक्शननंतर झोकांड्या खायला लागला किंवा थरथरला तर हिरड्यांना मध चोळा आणि तसंच उचलून दवाखान्यात न्या.