ऑफर लेटरवर सही करून पाठवली, आता दुसरीकडे जास्त चांगली नोकरी मिळतेय. पहिल्यांना नाही म्हणावं का?

तुमचा प्रश्न असा: सही झाली आहे, जॉइनिंग पुढच्या महिन्यात आहे आणि आता दुसऱ्या कंपनीने पगारही जास्त आणि कामही हवं तसं देऊ केलंय. पहिल्यांना नकार दिला तर ते कोर्टात खेचतील का, काळ्या यादीत टाकतील का, आणि हे नैतिक आहे का?

नाही म्हणा, आणि आजच म्हणा. उत्तर खरं तर एवढंच आहे. पण तुम्ही नैतिकतेचं काढलंत आणि मला आमचे भाऊजी आठवले, त्यामुळे थोडं लांबेल.

भाऊजी म्हणजे ताईचे यजमान. माझा सीव्ही त्यांनीच त्यांच्या कंपनीत दिला होता. मी तेव्हा एक्सेलमध्ये दर महिन्याला तेच ते रिपोर्ट बनवून विटले होते. त्यांच्याकडचं कामही तेच होतं, फक्त तक्ते मोठे आणि पगार थोडा बरा. इंटरव्ह्यू छान झाला. एचआरचा फोन आला आणि पाठोपाठ ऑफर लेटर: उद्या संध्याकाळपर्यंत सही करून पाठवा, नाहीतर ही जागा दुसऱ्याला जाईल. दुसऱ्या एका ठिकाणी माझी शेवटची फेरी बाकी होती. तिथे मागणीचा अंदाज बांधायचं काम होतं, म्हणजे मला जे शिकायचं होतं नेमकं तेच. मी एचआरकडे आठवडाभराची मुदत मागितली. "आमच्या पॉलिसीत बसत नाही," असं उत्तर आलं. मग केली सही. हातचं कोण सोडतं?

नोटीस पिरियड चालू असतानाच त्या दुसऱ्यांचं पत्र आलं. पगारही जास्त होता, ते लपवत नाही.

फोन मी एचआरला केला नाही. ज्यांनी माझा इंटरव्ह्यू घेतला होता आणि ज्यांच्या हाताखाली मी काम करणार होते, त्या मॅनेजरना केला. ऑफिसच्या जिन्यात उभी राहून. आधी कागदावर दोन वाक्यं लिहून घेतली होती, नाहीतर मी माफीची टकळी सुरू केली असती. "मला वेगळ्या प्रकारचं काम मिळतंय, त्यामुळे मी जॉइन होऊ शकणार नाही. शक्य तितक्या लवकर कळवावं म्हणून फोन केला." पलीकडे शांतता. मग की-बोर्डचा आवाज. मग ते म्हणाले, "दुसऱ्या नंबरच्या उमेदवाराला आम्ही अजून नकार कळवलेला नाही. बरं झालं आजच सांगितलंत. तेवढा मेल टाका." संपलं. ज्या माणसाचं खरोखर काम अडणार होतं, त्याने विषय चहा निवायच्या आत मिटवला.

भाऊजींनी तो अजून मिटवलेला नाही. "माझं नाक कापलंस," हे तर झालंच, वर "सही केली म्हणजे केली, उद्या सगळेच असं करायला लागले तर?" पुढे ताईकडून कळलं की माणूस सुचवल्याबद्दल त्यांना बोनस मिळणार होता, माझं प्रोबेशन संपल्यावर, आणि त्या पैशांचा टीव्ही त्यांनी मनातल्या मनात भिंतीवर लावूनही टाकला होता. तत्त्वाचा मुद्दा असला की त्यामागे कुणाचा तरी टीव्ही असतो, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे.

कोर्टाची भीती भाऊजींनीही घातली होती. त्यांच्याशी भांडता यावं म्हणून मी जे शोधून ठेवलं, ते तुम्हाला फुकट देते. 1852 साली लंडनमध्ये जोहाना वॅग्नर नावाच्या गायिकेने बेंजामिन लम्ली यांच्या थिएटरशी तीन महिन्यांचा करार केला होता, त्या काळात दुसरीकडे गाणार नाही या अटीसकट. कॉव्हेंट गार्डन या दुसऱ्या थिएटरच्या फ्रेडरिक गाय यांनी जास्त पैसे देऊ केले आणि बाई तिकडे निघाल्या. प्रकरण कोर्टात गेलं. न्यायाधीशांचं म्हणणं असं की तिला लम्लींकडे गायला आम्ही भाग पाडू शकत नाही, पण दुसरीकडे गाण्यापासून रोखू शकतो. माणसाला धरून आणून कामाला बसवायचं नाही, हे तेव्हापासून उदाहरण म्हणून सांगितलं जातं. रोखलं ते करारातल्या त्या स्पष्ट अटीमुळे. साध्या ऑफर लेटरमध्ये तशी अट सहसा नसते. तुमच्यात आहे का ते बघा. आणि तुम्ही जोहाना वॅग्नर नाही. तुमच्यावाचून कुणाचा हंगाम बुडत नाही.

भाऊजींना ही गोष्ट सांगितली तर म्हणाले, "बघ, कोर्टाने रोखलंच ना!" मग मी त्यांना त्याच वर्षातली दुसरी सांगितली. दे ला तूर नावाच्या गृहस्थांनी प्रवासात व्यवस्था बघायला हॉक्स्टर नावाच्या माणसाला ठरवलं होतं. काम 1 जूनला सुरू व्हायचं होतं. 11 मे रोजी त्यांनी कळवून टाकलं की विचार बदलला, येऊ नका. हॉक्स्टरने जूनची वाट न बघता दावा लावला आणि 1853 मध्ये कोर्टाने तो मान्य केला. म्हणजे मालकांचेही विचार बदलतात, आणि ते आजचं नाही. भाऊजींच्याच कंपनीने पुढे नव्या भरतीतल्या मुलांच्या ऑफरी एका ओळीचा मेल पाठवून मागे घेतल्या. मी विचारलं, आता कुणाचं नाक कापलं? म्हणे, "कंपनीची मजबुरी असते." बरं. कंपनीची ती मजबुरी आणि माझा तो दगा!

"सगळेच असं करायला लागले तर?" यालाही उत्तर आहे. अमेरिकेत 1940 च्या दशकात हॉस्पिटलं इंटर्न डॉक्टरांना ऑफर द्यायची आणि उत्तरासाठी इतका कमी वेळ द्यायची की 1949 पर्यंत बारा तासांची मुदतही जास्त वाटू लागली. हा गोंधळ निस्तरायला 1952 पासून दोन्ही बाजूंच्या पसंतीच्या याद्या घेऊन एकत्र जोड्या लावायची पद्धत आली. आणि तिथल्याच पदव्युत्तर शिक्षणात बहुतेक विद्यापीठांनी मान्य केलेला नियम आहे: आर्थिक मदतीसह आलेली ऑफर विद्यार्थ्याने आधी स्वीकारली असली, तरी 15 एप्रिलपर्यंत तो ती सोडू शकतो. त्यामुळे "उद्यापर्यंत हो म्हण" असा गळा धरून काही हाती लागत नाही. उमेदवारांनी माघार घेतली तर बाजार बुडत नाही. मुदतीची दांडगाई तेवढी बुडते. तुम्हाला विचार करायला वेळ दिला नसेल, तर तुमच्या सहीची किंमतही त्यांनी तेवढीच ठेवलेली असते.

काळ्या यादीचं म्हणाल तर त्या कंपनीच्या सिस्टिममध्ये तुमच्या नावापुढे शेरा पडेल. पडू दे.

आता थोडे पण-परंतु, जे मी आधी सांगायला हवे होते. दुसऱ्यांचं पत्र लेखी हातात आल्याशिवाय पहिल्यांना काहीही बोलू नका. तोंडी "तुम्ही सिलेक्ट झालात" याला शून्य किंमत. जॉइनिंग बोनस घेतला असेल तर परत करावा लागेल. त्यांनी तुमच्या व्हिसावर किंवा सामान हलवण्यावर खर्च केला असेल, किंवा बाँडवर सही असेल, तर ते कागद आधी वकिलाला दाखवा, माझ्या गायिकेच्या भरवशावर राहू नका. तुमचं क्षेत्र अगदी छोटं असेल, जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात, तर एकदा असं चालतं, दुसऱ्यांदा नाही. आणि जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद करून गायब होणारे जे असतात त्यांची बाजू मी घेत नाही. त्यांच्यामुळेच एचआरवाले उद्या संध्याकाळची मुदत घालतात.

मेलमध्ये तीन ओळी पुरतात: आभार, नकार, तारीख. नव्या कंपनीचं नाव नाही, पगाराचा आकडा नाही.

कुणी तुमचं नाव सुचवलं असेल तर कंपनीच्या आधी त्या माणसाला सांगा. मी सांगितलं होतं. भाऊजी आजही म्हणतात सांगितलं नव्हतं. मी फोन केला तेव्हा ते मीटिंगमध्ये होते, त्यांनी कट केला, म्हणून मी सविस्तर मेसेज टाकला. त्याला निळ्या टिका आल्या, आणि त्यानंतरच मी मॅनेजरना फोन लावला. "मेसेज म्हणजे सांगणं नव्हे," असं त्यांचं म्हणणं आहे. तुम्ही सांगाल तेव्हा स्क्रीनशॉट काढून ठेवा, वेळेसकट. माझ्याकडे आहे.