बॅटरीचे अनुदान घेण्याआधी

प्रश्न : घरात बॅटरी बसवली तर फायदा माझा. मग सरकार त्यासाठी पैसे का देते?

उत्तर : फायदा एकट्या तुमचा नाही. सोलरची वीज दुपारी सर्वांत जास्त तयार होते आणि मागणी चढते संध्याकाळी. तेवढ्या काही तासांसाठी वीजकंपन्यांना महागडी वीजकेंद्रे वर्षभर सज्ज ठेवावी लागतात. तुमची बॅटरी दुपारची वीज संध्याकाळी वापरते, तेव्हा हा भार हलका होतो. जर्मनीने 2013 मध्ये घरगुती बॅटरीला मदत सुरू केली, तेव्हा सोबत अटच घातली : सोलरच्या क्षमतेच्या 60 टक्क्यांहून जास्त वीज एका वेळी ग्रिडमध्ये, म्हणजे वीजकंपनीच्या जाळ्यात, सोडायची नाही. 2016 मध्ये ही मर्यादा 50 टक्क्यांवर आणली. अनुदानाच्या जाचक वाटणाऱ्या अटींमागे बहुधा असाच हिशेब असतो.

प्रश्न : आम्हाला सूर्यास्तानंतर साधारण 6 युनिट वीज लागते. विक्रेता म्हणतो, 15 युनिटची बॅटरी घ्या, अनुदान जास्त मिळेल.

उत्तर : घेऊ नका. अनुदान 30 टक्के असेल तर उरलेले 70 टक्के तुमच्याच खिशातून जातात, आणि त्यातली निम्म्याहून जास्त क्षमता रोज नुसती पडून राहील. बॅटरी वापरली नाही तरी वयानुसार उतरतेच. सतत पूर्ण भरून ठेवली तर जरा लवकरच.

बऱ्याच कंपन्या दहा वर्षांनी सुमारे 70 टक्के क्षमता उरेल अशी हमी देतात. म्हणजे आज 8 युनिटची बॅटरी घेतलीत, तर दहाव्या वर्षी 5.6 युनिट उरतील. तुमच्यासाठी 8 युनिटचा आकडा योग्य आहे. मात्र कोटेशनमध्ये ‘वापरण्याजोगी क्षमता’ वेगळी लिहून घ्या, कारण बॅटरीवर छापलेला आकडा अनेकदा त्याहून मोठा असतो. पुढे इलेक्ट्रिक गाडी घ्यायचा विचार असेल, तर नंतर वाढवता येणारे मॉडेल बघा आणि वाढीव भागालाही अनुदान मिळते का, हे आजच विचारा.

प्रश्न : मी निवृत्त आहे, प्राप्तिकर जवळजवळ लागतच नाही. ‘30 टक्के सवलत’ मला मिळेल का?

उत्तर : ती कोणत्या रूपात मिळते, यावर सगळे अवलंबून आहे. ऑस्ट्रेलियात 1 जुलै 2025 पासून सुरू झालेल्या योजनेत सवलत बिलातच वजा होते; तिथे तुमच्या कराचा संबंध येत नाही. ब्रिटनने फेब्रुवारी 2024 पासून बॅटरी बसवण्यावरचा व्हॅट शून्य केला, तोही सर्वांना सारखाच लागू. अमेरिकेतली 30 टक्के सवलत मात्र भरायच्या करातून वजा व्हायची. करच नसेल, तर त्या वर्षी हातात काही पडत नसे.

त्या अमेरिकी सवलतीतून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. 2022 च्या कायद्याने ती 2032 पर्यंत पूर्ण दराने दिली होती. जुलै 2025 मध्ये नवा कायदा आला आणि ती 31 डिसेंबर 2025 ला संपली. आगाऊ रक्कम भरून चालत नव्हते, बॅटरी त्या तारखेपर्यंत बसून व्हायला हवी होती. त्यामुळे योजनेत बुकिंगची तारीख धरतात की काम पूर्ण झाल्याची, हे पैसे देण्याआधी लेखी घ्या. अनेक कुटुंबे इथेच अडकतात, याचे फार वाईट वाटते.

प्रश्न : अर्जात ‘व्हर्च्युअल पॉवर प्लांट’चा उल्लेख आहे. माझी बॅटरी दुसरे कुणी रिकामी करणार का?

उत्तर : व्हर्च्युअल पॉवर प्लांट म्हणजे अनेक घरांच्या बॅटऱ्या दुरून एकत्र चालवून त्यांचा एका वीजकेंद्रासारखा वापर करणे. त्याला ‘जोडता येण्याजोगी’ आणि ‘जोडलेली’ बॅटरी यांत फरक आहे. ऑस्ट्रेलियाच्या योजनेत ग्रिडशी जोडलेली बॅटरी तशी जोडता येण्याजोगी असावी लागते, पण सामील होण्याची सक्ती नाही. सामील होणार असाल, तर करारात तीन गोष्टी बघा : किमान किती चार्ज तुमच्यासाठी राखून ठेवणार, वर्षातून किती वेळा वीज घेणार आणि बाहेर पडायचे झाल्यास काय.

प्रश्न : अनुदानातून बॅटरी बसवली, तर लाइट गेल्यावर घर चालेल ना?

उत्तर : आपोआप नाही. वीज गेली की सोलर-बॅटरीचा ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर लाइनवर काम करणाऱ्यांच्या सुरक्षेसाठी बंद होतो, आणि बॅटरी भरलेली असूनही घरात अंधार राहतो. घराला ग्रिडपासून तोडणारा बॅकअप स्विच वेगळा मागावा लागतो, आणि त्याचा खर्च अनुदानात धरला आहे का, हेही पाहावे लागते. फ्रीज, पंखे, राउटर, काही दिवे एवढेच बॅकअपच्या सर्किटवर घ्या. घरात श्वसनाचे यंत्र असेल, तर त्याची जोडणी आधी सांगा आणि काम झाल्यावर मेन स्विच पाडून ते चालते का, हे इलेक्ट्रिशियन समोर असतानाच बघा.